भुकटी खाऊन दाखवणारा माणूस

परवा आमच्याकडे शेतकरी मेळावा झाला. एका तरुण कृषी पदवीधरानं मंडपात नॅनो जस्ताची बाटली वर धरून दाखवली. जस्ताचे कण म्हणे इतके बारीक, की पानातून आत शिरून पार दाण्यात उतरतात. सोबत जमिनीत जिवाणू सोडले, की धानाचा दाणा नुसता पोट भरत नाही, अंगी लागतो. पोरगा हुशार होता, बोलायचाही छान. मागून एक म्हातारा ओरडला, "इतकं चांगलं हाये त पेऊन दाखव ना भाऊ!" मंडप हसला, पोरगाही हसला. मी मात्र उठून बाहेर आलो आणि मेळावा अर्धा टाकून घरी गेलो.

घरी बायको म्हणाली, साखर कमी झाली असेल. मी हो म्हटलं. नोकरीतली ही एक गोष्ट मी तिलाही अर्धीच सांगितली आहे. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती लिहून मागितल्या, तेव्हा ठरवलं की गमती असतील तेवढ्या आधी सांगून टाकू आणि मग हे सांगू.

लोक गाई-म्हशी पाळतात, मी जन्मभर जिवाणू पाळले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. हवेतला नत्र धरून पिकाच्या मुळाशी देणारे, मातीत अडकून बसलेलं स्फुरद आणि जस्त सोडवणारे, असे जिवाणू निसर्गात असतातच. त्यातले कामसू तेवढे निवडायचे, काचेच्या चंबूत गोड पाण्यावर वाढवायचे आणि कोळशासारख्या काळ्या भुकटीत कालवून पुड्या भरायच्या. रोवणीच्या वेळी ती पुडी पाण्यात घोळायची, धानाच्या रोपांची, म्हणजे आमच्याकडे ज्याला परे म्हणतात त्यांची, मुळं त्यात अर्धा तास बुडवायची आणि मग रोपं बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, रोवायची. एवढंच काम. चिमूटभर भुकटीत कोट्यवधी जीव असतात, आणि ते जिवंत आहेत हेच लोकांना पटवणं सगळ्यांत कठीण.

पटलं की त्याहून कठीण. नागभीडकडच्या एका बाईनं पुडी चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली होती. का, तर पावसाळी गारठ्यात बिचारे काकडून मरतील! सगळे भाजून मेले होते. एका गृहस्थानं आधी बुरशीचं विषारी औषध बियाण्याला चोळलं आणि त्याच हातानं जिवाणू लावले. वर मलाच म्हणाला, "दोन्ही डॉक्टर एकदमच बोलावले, भाऊ." आणखी एकाच्या शेताचा अर्धा भाग मी मुद्दाम पुडीविना ठेवायला सांगितला, फरक कळावा म्हणून. त्याच्या आईनं मला दारातूनच फैलावर घेतलं, "अर्धं शेत उपाशी काऊन ठेवून राह्यला तू?"

आता भुकटी खाण्याचं. आलापल्लीच्या पुढं जंगलात त्या काळी रस्त्यावर कोण अडवेल याचा नेम नसे. गणवेशातलेही अडवत आणि बिनगणवेशाचेही. एकदा एका नाक्यावर माझी पिशवी उघडली आणि आत काळी भुकटी. बंदूकवाल्या पोऱ्याचा चेहराच बदलला. माझ्या छातीवर नळी टेकवून तो म्हणाला, "ये क्या है? बारूद?" मी एक चिमूट उचलली आणि जिभेवर टाकली. तो बघत राहिला. मग मोठ्यानं हसला आणि त्यानं मला सोडलं.

त्या दिवशी भीतीपोटी जे केलं, त्याचंच मी पुढं प्रात्यक्षिक केलं. गावात सभा भरली, की बोलून झाल्यावर चिमूटभर भुकटी सगळ्यांसमोर चाटायची. लोक हसत, बाया तोंडाला पदर लावत, आणि पुड्या घेत. मला 'भुकटीवाले भाऊ' म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. आमच्या साहेबांना हा प्रकार आवडत नसे. ते म्हणत, "खाण्याची वस्तू नाही ती. आणि लक्षात ठेव, खाऊन काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते बशीत."

बशी म्हणजे काचेची झाकणाची चपटी वाटी. प्रत्येक घाण्यातली थोडी भुकटी बशीतल्या जिवाणूंच्या पोषक खळीवर पसरून उबेत ठेवायची. तीन-चार दिवसांनी ठिपके उगवतात. आपल्या जिवाणूंचे ठिपके ओळखीचे असतात, गोल आणि चकचकीत. त्यात परका रंग, परका आकार दिसला, की तो अख्खा घाणा फेकायचा. परके कुठून आले हे शोधायची साहेबांची एक रीत होती. हवा, हात, भांडी हे सगळं नंतर. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी पाणी बघ." मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते मला ऐकूच येईनासं झालं होतं.

नव्वदीच्या अखेरीचा तो पावसाळा. भामरागडच्या अलीकडे, नाल्यापलीकडच्या एका गावानं पुड्या मागितल्या होत्या. गावाचं नाव लिहीत नाही. लोक घरात माडिया बोलत, माझ्याशी झाडीपट्टीची मराठी. आजवर धान फेकून पेरायचे, आता नुकते रोवणीला लागले होते. परे पिवळे पडत होते, पानांवर गंजासारखे डाग येत होते. जमिनीत जस्त आहे, पण पिकाला मिळत नाही, असा तो रोग. आमची पुडी नेमकी त्यासाठीच.

जिवाणू कालवण्याआधी कोरी भुकटी मोठ्या वाफेच्या डब्यात शिजवून निर्जंतुक करावी लागते. तो डबा म्हणजे माणसाएवढा प्रेशर कुकरच. काटा ठरल्या आकड्यावर सलग तासभर राहिला पाहिजे. त्या दिवशी अर्ध्या तासानं लाईट गेली. काटा खाली आला. लाईट आली तेव्हा नियमानं पुन्हा शून्यापासून तास धरायला हवा होता. साहेब बाहेरगावी होते. आलापल्लीकडे जाणारी जीप दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होती, आणि तिच्यानंतर नाले भरले की रस्ता महिनाभर बंद. मी आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास यांची बेरीज केली. अशी बेरीज होत नसते, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? तरी केली. त्या घाण्याच्या बश्या उबेत ठेवल्या आणि त्या उगवण्याआधीच पुड्या घेऊन निघालो.

गावात मी लालसूभाऊच्या घरी उतरलो. शांत, कष्टाळू माणूस. घरात त्याची बायको, म्हातारी आई पालीबाई आणि सहा-सात वर्षांची मुलगी जैनी. जैनी माझ्या मागे मागे फिरत होती.

"यायच्यात जीव हायेत?" तिनं पुडीला बोट लावून विचारलं.

"हो. खूप."

"खातात काय?"

"हवा."

"हवा खाऊन पोट भरते काय?"

सभेत मी नेहमीप्रमाणे चिमूट चाटली. खरं सांगतो, त्या दिवशी ती फार लहान चिमूट होती. लालसूनं लग्नात भात शिजवायचा जर्मनचा मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं, त्यात आम्ही पुड्या घोळल्या. पोरांनी त्या काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले आणि एकमेकांच्या तोंडाला मिशा काढल्या. जैनीनं स्वतःला मिशा काढून मला दाखवल्या. मी हसलो. हात धुवा म्हटलं, पण नेटानं म्हटलं नाही.

दोन दिवस रोवणी चालली, आणि दोन्ही दिवस पाऊस थांबला नाही. नाला पाण्यानं तुडुंब झाला. बाहेर जायची वाट राहिली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जैनीला ओकाऱ्या सुरू झाल्या, मग हगवण. दिवेलागणीपर्यंत आणखी दोन पोरं आजारी पडली. तिघंही त्या गंजाभोवती खेळलेली.

मी पडवीत बसून मनात एकच उजळणी करत होतो. लाईट गेली, काटा उतरला, मी बेरीज केली. त्या भुकटीत काय वाढलं असेल? आता या क्षणी बशीत काय उगवलं असेल? इकडं मी एवढ्या दूर अडकलो होतो, आणि तिकडं प्रयोगशाळेत उत्तर तयार होऊन बंद कपाटात पडलं होतं.

सकाळी गाव लालसूच्या अंगणात जमलं. गावचा पुजारी, ज्याला गायता म्हणतात, तो म्हणाला, "भाऊ, तुमीच सांगतलं, यायच्यात जीव हायेत म्हून. आमच्या पोरायच्या पोटात तेच जीव गेले काय?"

एक जण म्हणाला, सगळे परे उपटून नाल्यात फेकू. दोघं-तिघं उठलेही. परे उपटले, तर गावाचं वर्षाचं धान गेलं. दुसरे परे टाकायला दिवस उरले नव्हते. 'मला माहीत नाही' असं मी म्हणालो असतो, तर ते खरं होतं, आणि वर्षभर गाव उपाशी राहिलं असतं. 'काही नाही होत' म्हणालो, तर ते मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पालीबाई आतून आली. तिच्या हातात उरलेली पुडी होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "त्या रोजी तू लोकायले दाखवाले एवढीशी खाल्ली. आज मूठभर खाय. अथीच बस. तुले काई नाई झालं त आमी मानू."

मी मूठ भरली. तोंड कोळशानं भरून गेलं, गिळवेना. वरून लालसूच्या बायकोनं कोऱ्या चहाची वाटी दिली, तिच्याबरोबर ढकललं. डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं भुकटीमुळे आलं.

मग मी दिवसभर त्या पडवीत बसलो. समोर गाव. कुणी उभं, कुणी उकिडवं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी बघत होतो माझ्या पोटाकडे. जरा गुरगुरलं की वाटायचं, आलं. आतल्या खोलीत जैनी पडली होती. ती पाणी मागायची. पालीबाई गडग्यातून, म्हणजे मातीच्या मडक्यातून, तांब्या भरायची आणि तिला पाजायची. पोर ओकायची. पुन्हा पाणी मागायची, पुन्हा तांब्या. हे सगळं माझ्यापासून चार हातांवर चाललं होतं. मी ते पाहिलं. दिवसभर पाहिलं.

उन्हं उतरली तरी मला काहीच झालं नाही. तेवढ्यात लालसू बाहेरून आला. गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक म्हातारा सकाळपासून हगवणीनं आडवा होता, आणि त्याची सूनही. "भाऊ, तो बुढा त महिना झाला अंगणाच्या भाईर नाई निंगाला. त्यानं तुमची पुडी पाह्यली बी नाई."

माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहायला लाज वाटते, पण लिहायलाच बसलो आहे. पहिलं आलं, सुटलो. पुडी नव्हती, माझी बेरीज नव्हती, सुटलो. तो सुटकेचा श्वास सोडताना शेजारी पडलेल्या सकाळच्या चहाच्या वाटीकडे लक्ष गेलं, आणि साहेबांचं 'आधी पाणी बघ' हे वाक्य कुणी कानात ओरडावं तसं ऐकू आलं. चार दिवस मी या घरात काय प्यायलो होतो? पाहुणा म्हणून कोरा चहा, आणि दोन वेळा गरम पेज. सगळं उकळलेलं.

"लालसूभाऊ, पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. काऊन?"

आम्ही धावत गेलो. गावाची विहीर सखलात होती, बांध्यांच्या खाली, काठ जमिनीबरोबर. पहिल्या रात्रीच नाल्याचं पाणी तिच्यात शिरलं असावं. वर शेण आणि पालापाचोळा तरंगत होता. बाया तेच पाणी फडक्यानं गाळून नेत होत्या, दर पावसाळ्यात नेतात तसंच.

मी त्या गावात बेंबीच्या देठापासून ओरडलो. उकळा, उकळल्याशिवाय थेंब देऊ नका. प्रत्येक चुलीवर भांडी चढली. लग्नातला तोच गंज घासून त्यात पाणी खळाखळा उकळलं. गूळ आणि मीठ घालून घोट घोट पाजायला लावलं. परे उपटायचं कुणी पुन्हा बोललं नाही. सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई नाल्याच्या दुसऱ्या काठावर होत्या, हाक पोचण्यासारखी नव्हती.

ती दोन पोरं वाचली. म्हातारा वाचला, त्याची सून वाचली. जैनीच्या तोंडात मी स्वतः चमच्यानं पाणी घातलं, पण तिला आता गिळता येत नव्हतं. झुंजुमुंजू झालं तेव्हा ती गेली. तिच्या कानाच्या पाळीमागं त्या काळ्या मिशांच्या खेळातला एक डाग राहून गेला होता.

नाला उतरल्यावर मी परत आलो. घरी न जाता आधी प्रयोगशाळेत गेलो आणि कपाट उघडलं. बश्या स्वच्छ होत्या. सगळे ठिपके आपले, गोल, चकचकीत. एकही परका नाही. साहेब तोवर आले होते. त्यांना मी अर्ध्या तासांच्या बेरजेचं सांगितलं. ते रागावले, रागवायलाच हवं होतं. मग बशी उजेडात धरून म्हणाले, "पण घाणा उत्तम निघाला. उगाच घाबरलास." मी बाहेर जाऊन भिंतीला धरून रडलो. बशी घाण निघाली असती, तर मला निदान शिक्षा कशाची ते तरी कळलं असतं.

पुढं कळलं, की माझं गणित साधं आहे. जिवाणूंचं काम करणारा त्या गावात मी एकटाच होतो. सकाळी अंगणात, पोरं आजारी आहेत म्हटल्यावर, मी एकच वाक्य बोलायला हवं होतं. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात एक अख्खा दिवस होता. तो मी स्वतःचं पोट बघण्यात घालवला.

पाऊस सरला. नवं खायच्या सणाला लालसूचा निरोप आला. तो सण झाल्याशिवाय तिथं कुणी नव्या धानाचा दाणा तोंडात घालत नाही. जाऊ नये असं फार वाटलं, तरी गेलो. बांध्या भरल्या होत्या, पानांवर डाग नव्हते, लोंब्या वाकल्या होत्या. पाऊसही चांगला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मी सांगू शकत नाही. विहिरीला मात्र कमरेएवढा काठ बांधलेला दिसला.

पालीबाईनं पानावर नवा भात वाढला. मी घास घेतला नाही. मी तिला म्हटलं, "बाई, एक सांगायचं आहे. पाणी उकळा, हे मी सकाळीच सांगायला पाहिजे होतं. मला ठाऊक होतं. ते माझं कामच होतं. मी भ्यालो होतो, म्हणून सुचलं नाही."

लालसूची बायको चुलीजवळ पाठमोरी बसली होती, तिचा हात थांबला.

"मले माहीत हाये," पालीबाई म्हणाली. "त्या रोजी सारा गाव तुह्याकडे पाहून राह्यला होता, अन तू तुह्या पोटाकडे. माह्या पोरीकडे कोणीच नाई पाह्यलं. मीच त पाजून राह्यली होती ते पाणी."

मग तिनं पान माझ्याकडे सरकवलं. "खाय," ती म्हणाली. "हे कोणाले दाखवासाठी नाई."

मी खाल्लं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुठल्याच सभेत भुकटी चाटली नाही. गावात पोचलो की आधी विहीर कुठं आहे ते विचारायचो.